सव्वीस वेढे जायफळ

८ जानेवारी, सोमवार. सकाळचे नऊ वाजून बेचाळीस मिनिटे. रक्कम अकरा हजार पाचशे रुपये. हजर माणसे सहा: मी, माझ्या गाडीतले तिघे, ज्यांचा गडगा मी पाडला ते घरमालक, आणि त्यांची आई. आई सगळ्यांत शेवटी, हातात चहाची बशी घेऊन बाहेर आली.

गडगा म्हणजे आमच्याकडे आवाराभोवती रचलेली चिऱ्यांची भिंत. रत्नागिरीहून पालीला जाताना महामार्ग सोडला की आमच्या शाळेकडे गावातला एक अरुंद रस्ता वळतो. त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या घराचा गडगा मी अकरा फूट पाडला. फाटकाचा एक खांब कलला, फाटक वाकले. चिरे मी तिथेच मोजले. त्रेचाळीस खाली आले होते, त्यातले सतरा फुटले होते. गाडीतल्या कुणाला खरचटलेसुद्धा नाही, कारण वेग फार तर पंचवीसचा होता.

मी त्या शाळेत मुख्य लिपिक आहे. नोकरी चोवीस वर्षे. राहतो रत्नागिरीत. गेली सहा वर्षे आम्ही चौघे माझ्या गाडीने जातो-येतो: मी, गणिताच्या बाई, चित्रकलेचे सर आणि शिपाईमामा. बाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, बोलायला थेट. सर पस्तिशीतले, तोंडाळ. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत. गाडी माझी आणि चालवणार मी, म्हणून मी वर्गणी भरत नाही. बाकी तिघे पेट्रोलसाठी माणशी दिवसाला चाळीस रुपये देतात. या व्यवहारात कधी वाद झालेला नाही.

गाडी थांबल्यावर पहिल्यांदा सर बोलले. "कुत्रं आडवं आलं ना, भाऊसाहेब?" शाळेत लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात.

ते मला वाट करून देत होते, हे मला कळले. घरमालक फाटकातून धावत येत होते. कुत्रे म्हटले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. कुत्री त्या रस्त्यावर भरपूर आहेत.

"कुत्रं नव्हतं," मी म्हणालो. "माझा डोळा लागला."

मागच्या सीटवर बाई खाली पडलेले पेपर गोळा करायला लागल्या.

घरमालक साठीचे, बनियनवर होते. त्यांनी आधी गडगा पाहिला नाही. गडग्याच्या आतल्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची चिऱ्यांखाली चेपली होती, तिच्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "आई हितं बसते रोज. उन्हाला. याच टायमाला."

तेवढ्यात आई बाहेर आली. वय ऐंशीच्या पुढे. चहा घ्यायला म्हणून आत गेली होती, बशी हातातच होती. तिने खुर्ची बघितली, मग मला.

"निजलावतास ना रे?" ती म्हणाली.

"हो, आजी."

"रात्री निजायचं असतं," ती म्हणाली, आणि बशीतला चहा प्यायली.

अकरा हजार पाचशे हा घरमालकांनी उभ्याउभ्या सांगितलेला अंदाज. मी मान्य केला. खुर्ची त्यांनी धरली नव्हती, ती मी माझ्याकडून धरली.

त्या संध्याकाळी मी एक हिशेब केला तो पैशांचा नव्हता. माझा डोळा साधारण चार सेकंद लागला असावा. पंचवीसच्या वेगाने चार सेकंदांत गाडी अठ्ठावीस मीटर जाते. त्याआधी पाच-सहा मिनिटे मी महामार्गावर एका टँकरच्या मागे साठच्या वेगाने होतो. साठने चार सेकंदांत सदुसष्ट मीटर. टँकर माझ्यापुढे वीस मीटरांवर असेल. हा हिशेब मी कुणाला दाखवला नाही. दाखवायची गरजही नव्हती, कारण बाई गणिताच्या आहेत.

आता झोपेचे सांगतो.

आधीच्या जूनपासून माझी झोप बिघडली होती. कारण एकच असे सांगता येणार नाही. आमच्या आळीत नळाला पाणी पहाटे साडेचारला येते, आणि ते भरायला मी चारलाच उठून बसत असे. मी नाही उठलो तर पाणी भरले जाणार नाही अशी माझी खात्री होती. शाळेत नवीन ऑनलाइन पगारपत्रके सुरू झाली, ती मी घरी आणून रात्री मोबाइलवर तपासत असे. त्यासाठी सहा वाजता एक चहा आणि नऊला दुसरा. जेवण दहाला. सप्टेंबरमध्ये थोरली लेक बाळंतपणाला आली आणि नात झाली. घरातले सगळे म्हणत, बाळ असल्यावर झोप कुठली. पण नात गुणी निघाली. ती झोपे, तिची आई झोपे, माझी बायको झोपे. जागा मी एकटा.

म्हणून मी वही केली. लांब वही, पाच रकाने: अंथरुणाला पाठ टेकली ती वेळ, झोप लागली ती वेळ, मध्ये जाग आली त्या वेळा, उठलो ती वेळ, एकूण. जुलैपासून एक रात्र चुकवली नाही. डिसेंबरची सरासरी चार तास चाळीस मिनिटे निघाली. आकडा समोर असला की उपाय सापडतो, असा माझा नोकरीतला अनुभव होता. इथे आकडा समोर होता आणि दर महिन्याला खाली जात होता.

दिवसा काय होत होते त्याचा रकाना वहीत नव्हता, पण सांगायला हवा. सहा महिन्यांत वजन पाच किलो वाढले, कारण दुपारी चारला डोळे मिटायला लागले की मी फरसाण खात असे. चोवीस वर्षांत न झालेली चूक झाली: एका शिक्षकांची वेतनवाढ पगारपत्रकात दोनदा धरली. ते शिक्षक स्वतः सांगायला आले म्हणून निस्तरले. दाखला मागायला आलेल्या एका पालकावर मी ओरडलो. तो माणूस दाखला न घेता निघून गेला आणि मामांना त्याच्या मागे पाठवावे लागले. घरी बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली बोलता कमी आणि वसकता जास्त." मी म्हणालो, कधी वसकलो ते सांग. तर ती म्हणाली, "आत्ता."

डॉक्टरकडे गेलो नाही. झोप येत नाही हा काही रोग नव्हे, अशी माझी समजूत होती. झोपेच्या गोळ्यांची भीती होती. काही तरी घरगुती, साधे बघावे असे मनात होते, आणि ते घरातच रोज समोर होत होते.

बायको नातीला संध्याकाळी गुटी द्यायची. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब, मग मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड वगैरे एकेक घेऊन ठरलेले वेढे उगाळायचे. शेवटी जायफळ, दोन वेढे. वेढा म्हणजे सहाणेवर एक गोल फेरा. जायफळ आमच्या सासुरवाडीच्या बागेतले, पोफळींखालच्या झाडाचे. गुटी पोटात गेली की अर्ध्या तासात बाळ झोपे. चार महिन्यांचे बाळ, सहा किलो वजन, आणि सलग पाच-पाच तास.

मी विचार केला तो असा. बाळ सहा किलो, मी अठ्ठ्याहत्तर किलो. अठ्ठ्याहत्तर भागिले सहा, तेरा. बाळाला दोन वेढे, तर मला तेर दुणे सव्वीस. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते हे मला माहीत होते. लेकीच्या लहानपणी तापाचे औषध आम्ही तसेच देत असू. या गणितात चूक काय आहे ते मला त्या वेळी दिसले नाही. भागाकार तर बरोबरच होता.

७ जानेवारीला, रविवारी, रात्री साडेदहाला मी सव्वीस वेढे उगाळले आणि कोमट दुधातून घेतले. बाळासाठी बायको बोटांनी हलकेच फेरा देते. मी चंदन उगाळतात तसे जोर लावून, पूर्ण सहाणभर. दोन तासांत काही झाले नाही. वहीत नोंद आहे: "१२.३५, परिणाम शून्य." म्हणून आणखी सव्वीस वेढे घेतले.

जायफळ अंगात सावकाश चढते आणि सावकाश उतरते, हे मला नंतर कळले. सकाळी उठलो तेव्हा तोंडाला कोरड होती, डोके कापूस भरल्यासारखे, छाती धडधडत होती. मला वाटले, चला, गुण यायला लागला. अंघोळ केली, चहा घेतला आणि सव्वानऊला गाडी काढली.

हे सगळे मी बायकोला त्याच दिवशी सांगितले. ती आधी घाबरली. मग, माझा श्वास वगैरे सगळे ठीक आहे हे बघून झाल्यावर, लेकीला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस का? बाळाला दोन वेढे आणि आजोबांना बावन्न. उद्या यांना पाळण्यात घाल."

"पाळणा मोडेल," लेक म्हणाली. "गडगा मोडला तसा."

दुसऱ्या दिवशी मी ते जायफळ किती झिजले हे बघायला गेलो, तेव्हा लक्षात आले की आधी त्याचे वजनच केलेले नव्हते. अंदाजे तिसरा हिस्सा गेला असावा. अंदाजे असे लिहायला मला आवडत नाही.

मंगळवारी रजा घेऊन डॉक्टरकडे गेलो. बायको बरोबर होती. या डॉक्टरीणबाई आमच्या घरच्याच, लेकीचे लसीकरणही त्यांनीच केलेले. रक्तदाब दीडशे-शहाण्णव निघाला. रक्तातली साखर सीमेवर. त्यांनी जायफळाचे ऐकून घेतले, हसल्या नाहीत.

"भाऊसाहेब, जायफळ चिमूटभर खिरीत ठीक. याहून जास्त घेतलं असतंत तर तुम्ही गाडीत नाही, सिव्हिलला सापडला असतात. आणि बाळालाही मला विचारल्याशिवाय नको." हे शेवटचे बायकोकडे बघून.

मग त्यांनी विचारले, "हे घोरतात का?"

"घोरायला आधी झोप लागायला हवी ना," बायको म्हणाली.

मी वही पुढे केली. त्यांनी चार-पाच पाने शांतपणे वाचली.

"ही वही कोण लिहितं?"

"मी."

"ही दोन वाजून दहा मिनिटांची नोंद कधी केलीत?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"दिवा लावून?"

"हो. चष्मा लावून. घड्याळ बघून."

"आणि तीन पाचची?"

"तीन पाचला."

त्यांनी वही मिटली. "म्हणजे रात्रभर तुम्ही कचेरी उघडी ठेवलीत. मग झोपणार कधी?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. सहा महिन्यांची सलग नोंद कुठला रोगी आणून देतो? पण त्यांनी पुढे जे सांगितले ते मी मुकाट्याने ऐकले. झोपेत रक्तदाब खाली यायला हवा, हृदयाला तेवढीच विश्रांती. मी ती देत नव्हतो. झोप कमी झाली की भूक वाढते, गोड-तळलेले जास्त जाते, साखर चढते. चिडचिड, विसर, कामातल्या चुका हेही त्यातलेच. "आणि गाडी," त्या म्हणाल्या. "झोप न झालेला माणूस आणि प्यालेला माणूस, दोघांनाही आपण ठीक आहोत असंच वाटत असतं."

रक्तदाबाची गोळी त्यांनी सुरू केली, आणि ती साध्या उपायांच्या बदल्यात बंद करायची नाही असे बजावले. झोपेची गोळी दिली नाही. उपाय सांगितले ते इतके साधे होते की मला फसवल्यासारखे वाटले. उठायची वेळ एक, रविवारीसुद्धा तीच. दुपारी दोननंतर चहा नाही. जेवण आठच्या आत. मोबाइल आणि घड्याळ झोपायच्या खोलीबाहेर. अंथरुणावर फक्त झोपायचे, कागद तपासायचे नाहीत. झोप येत नाही असे वाटले तर तळमळत न पडता उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे, डोळे जड झाले की परत. सकाळी अर्धा तास उन्हात चालायचे. आणि वही बंद.

"मग फरक पडतोय हे कळणार कसं?" मी विचारले.

"घरच्यांना विचारा," त्या म्हणाल्या. वही त्यांनी बायकोच्या हातात दिली, माझ्या नाही.

गाडी महिनाभर चालवायची नाही असेही त्या म्हणाल्या. ते सांगायची गरज नव्हती. बुधवारी मी शाळेत गेलो तेव्हा सरांनी आधीच सांगितले की पुढचे काही दिवस त्यांना वाटेत बँकेत काम असते, म्हणून ते एसटीने येतील. मामांची बायको म्हणे रोज त्यांच्याबरोबर निघणार होती, तिला वाटेतल्या हातखंब्याला उतरायचे असे, म्हणून तेही एसटीने. मामांची बायको हातखंब्याला कशाला जाणार होती हे मी विचारले नाही.

बाईंनी कारण काढले नाही. मधल्या सुट्टीत कार्यालयात येऊन समोर बसल्या.

"भाऊसाहेब, मी तुमच्या गाडीत बसणार नाही. राग मानू नका."

"राग नाही, बाई."

"तुम्ही खरं बोललात तिथे, ते मला आवडलं. कुत्रं सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशीही बसले असते. पण आता मला माहीत आहे, म्हणून नाही बसणार. सहा वर्षं मी मागे बसून पेपर तपासत आले. रस्त्याकडे एकदा बघितलं नाही. आता मान खाली घालता येणार नाही."

सहा वर्षांत गाडीच्या मायलेजची, टायरच्या हवेची, विम्याच्या तारखेची मी काळजी घेतली. त्या तिघांनी ती गृहीत धरली होती, आणि ते बरोबरच होते. ते गृहीत धरणे गेले, तेच मला परत हवे होते. गाडीचा खर्च निघावा म्हणून नव्हे. एसटीत आम्ही चौघे एकाच गाडीला एकाच थांब्यावर चढत होतो आणि वेगवेगळ्या बाकांवर बसत होतो.

गडग्याचे काम फेब्रुवारीत झाले. घरमालक हिशेबाला माझ्यासारखेच निघाले. सतरा नवे चिरे, वाहतूक, गवंडी दोन दिवस, त्याचा एक मदतनीस, खांबाचे सिमेंट-वाळू आणि फाटक, सगळे मिळून नऊ हजार चारशे वीस. "अकरा पाचशे बोललो होतो ते घाबरून," ते म्हणाले आणि वरचे घेतले नाहीत. सर आणि मामा म्हणाले, गाडीत चौघे होतो, तर चार भाग करू, तेवीसशे पंचावन्न येतात. मी नको म्हणालो. पेट्रोल चौघांचे होते, झोप माझी होती. खुर्ची मी हातांची घेतली, तीनशे ऐंशीची. म्हातारी तिच्यात बसून बघून म्हणाली, "ही रुंद आहे. हिच्यात मला झोप लागेल."

झोप मात्र सांगून येत नव्हती. पहिले पंधरा दिवस आधीपेक्षा वाईट गेले. सहाचा चहा सुटल्यावर चार दिवस डोके दुखले. आठच्या आत जेवायचे म्हणून बायकोने रात्री कुळथाची पिठी आणि मऊ भात सुरू केला. ते मला आवडते, त्यामुळे ते जमले. सर्वांत कठीण रविवार. रत्नागिरीत रविवारी दुपारी मासे खाऊन माणूस आडवा होतो, त्याला कुणी आळशी म्हणत नाही. मी जेवून उठलो की सदऱ्याची बटणे लावून बाहेर पडत असे. शेजारी विचारत, "कोण गेलं का?"

पाण्याचा प्रश्न लेकीच्या नवऱ्याने अर्ध्या दिवसात सोडवला. खाली टाकी बसवली, तिला पाणी भरले की आपोआप बंद होणारा तरंगता नळ लावला. पहिल्या आठवड्यात मी तरीही साडेचारला उठून टाकी भरते की नाही बघायला गेलो. भरत होती. आठव्या दिवशी बायकोने जिन्याच्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली उशीखाली ठेवली.

पावणेसहाला उठून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायला लागलो. उन्हाचा नेमका काय उपयोग होतो ते मला सांगता येणार नाही. एवढे खरे की मार्चच्या मध्यापासून रात्री साडेदहा-अकराला डोळे आपसूक जड व्हायला लागले. किती तास झोपलो हे मला माहीत नाही. हे वाक्य लिहिताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते. वहीची उरलेली पाने बायकोने नातीच्या वजनासाठी घेतली होती. एप्रिलमध्ये रक्तदाब एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी आला, वजन अडीच किलो उतरले. लेक सासरी जाताना म्हणाली, "बाबा, आता तुम्ही पूर्ण वाक्यात बोलता."

डॉक्टरांनी गाडी चालवायला महिन्यानंतर हरकत घेतली नव्हती. मीच जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत थांबलो. आधी एकटा गेलो आठवडाभर. मग सर आले, दोन दिवसांनी मामा. सर पुढे बसत आणि दर दोन मिनिटांनी काही तरी विचारत. पालीपर्यंत त्यांनी माझ्याकडून एकदा सतराचा पाढा म्हणवून घेतला.

"सर, मी जागा आहे."

"तुम्ही जागे आहात हो, मी माझी खात्री करतोय."

बाई एसटीनेच येत होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक रात्र बिघडली. कारण क्षुल्लक होते: शेजारच्या लग्नात साडेदहाला जेवलो, वर कॉफी घेतली. चार महिन्यांनी पहिल्यांदा ती जुनी तळमळ परत आली. सकाळी उठलो तेव्हा मला ठीक वाटत होते. अगदी ठीक वाटत होते, आणि डॉक्टरीणबाईंचे प्यालेल्या माणसाचे वाक्य आठवले. थांब्याजवळ गाडी उभी केली, खाली उतरलो आणि किल्ली सरांपुढे धरली.

"आज तुम्ही चालवा."

"का, काय झालं?"

"रात्री झोप झाली नाही."

"तरतरीत दिसताय की."

"दिसतोय. तुम्ही चालवा."

मामा मागून म्हणाले, "घ्या हो किल्ली. माणूस देतोय तर घ्या." सरांनी घेतली. ते गियर फार घासून टाकतात.

ही गोष्ट मामांनी मधल्या सुट्टीत बाईंना सांगितली असणार, कारण शाळेत घडलेली कुठलीही गोष्ट मामाच सांगतात. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी थांब्याशी आलो, तर त्या एसटीच्या रांगेत नव्हत्या. रांगेपासून चार हात पुढे, छत्री मिटून उभ्या होत्या. मागचे दार उघडून बसल्या.

"काल कसं झोपलात?" त्यांनी विचारले.

"मोजत नाही आता. पण बरा झोपलो."

"आणि बरा नाही झोपलात तर सांगाल."

"सांगेन."

"मग झालं." हातखंबा जायच्या आत त्यांनी पिशवीतून पेपरांचा गठ्ठा काढला.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. सकाळी मला खात्री नसेल तर मी न विचारता किल्ली द्यायची, आणि त्यांच्यापैकी कुणालाही शंका आली तर त्यांनी किल्ली मागायची. कारण विचारायचे नाही. बाईंनी आतापर्यंत एकदा मागितली. त्या दिवशी माझी झोप चांगली झाली होती, तरी दिली. वर्गणीचा प्रश्न मी मांडला: ज्या दिवशी सर चालवतील त्या दिवशी त्यांना वर्गणी नाही, आणि माझे चाळीस रुपये मी त्यांना द्यायचे.

"तुमच्याच गाडीत बसायचे पैसे तुम्ही मला देणार?" सर म्हणाले.

"बसायचे नाहीत. न चालवायचे."

"बाई, तुम्ही सांगा यांना. गणित तुमचं आहे."

बाईंनी पेपरातून मान वर केली नाही. "बरोबर आहे त्यांचं. घ्या," त्या म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये शाळेचे दिवस तेवीस झाले. एकोणीस दिवस गाडी मी चालवली, चार दिवस सरांनी. चार दिवसांचे प्रत्येकी चाळीसप्रमाणे एकशे साठ रुपये मी तीस तारखेला चित्रकलेच्या सरांना रोख दिले.